दृष्टीआड सृष्टी

वडिलांच्या अस्थी घेऊन कंदकुर्तीच्या संगमावर निघालो, त्या सकाळी आईने एक कापडी पिशवी माझ्या हाती दिली. आत उरलेली औषधे होती. गोळ्यांची अर्धी-मुर्धी पाकिटे, दोन बाटल्या, एक मलम. आई म्हणाली, "ह्यांच्या गोळ्या आता घरात नकोत बाबा. गंगेला चाललासच आहेस तर ही पिशवीही सोडून दे."

आमच्या सीमाभागात गोदावरीला गंगाच म्हणतात. देव्हाऱ्यातले निर्माल्य, भंगलेली मूर्ती, फाटलेली पोथी, जे उकिरड्यावर टाकवत नाही ते गंगेत सोडायचे ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. आईच्या मनात वडिलांच्या गोळ्याही त्यातल्याच. मी पिशवी घेतली, संगमावर गेलो, विधी आटोपला आणि पिशवी तशीच परत आणली. आईला सांगितले, "विसरलो." खरे तर विसरलो नव्हतो. हात पुढे झाला होता, पण डोळ्यांपुढे पटानचेरूचा ओढा आला.

कोल्ह्याचा ओढा

आमच्याकडून हैदराबादला जाणारी एस.टी. मदनूर, पिटलम, जोगीपेठ करीत संगारेड्डीला पोहोचते. वाटेत मांजरेचा पूल लागतो. मोठी बहीण हैदराबादेत, रामचंद्रापुरम भागात राहते, त्यामुळे ही वाट माझ्या पायाखालची. लहानपणी पटानचेरू जवळ आले की बसमधल्या बायका पदर नाकाला लावायच्या आणि कंडक्टर न सांगता काचा ओढून घ्यायचा. कुजलेली फळे आणि फिनेल एकत्र केल्यासारखा तो वास. "औषधाचे कारखाने आहेत," एवढेच वडील सांगत. औषध म्हणजे चांगली गोष्ट, त्यामुळे पुढे कोणी काही विचारत नसे.

त्या भागातून एक ओढा वाहतो, नक्कावागू. तेलुगूत नक्का म्हणजे कोल्हा आणि वागू म्हणजे ओढा. कधीकाळी कोल्हे पाणी प्यायला येत असतील म्हणून हे नाव पडले असावे. दुसरा इसकावागू, म्हणजे वाळूचा ओढा. तो नक्कावागूला मिळतो आणि नक्कावागू मांजरेला.

पटानचेरू आणि बोलारमची औद्योगिक वसाहत १९७०च्या दशकापासून वाढत गेली. १९८०मध्ये इंदिरा गांधी मेदकमधून लोकसभेवर निवडून आल्या, त्यानंतर या भागाकडे कारखान्यांचा ओढा आणखी वाढला. औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने तर इतके झाले की स्वस्त औषधे म्हटली की जगाला हैदराबादचे नाव आठवू लागले. पण गोळी बनताना जे सांडपाणी निघते ते जायचे कोठे? ते ओढ्यात गेले. विहिरींचे पाणी रंग बदलू लागले, भातशेती खराब झाली, जनावरे दगावू लागली. पटानचेरूचे डॉक्टर किशन राव यांनी दवाखान्यात रुग्ण तपासता तपासता या पाण्याचा लढा हाती घेतला आणि वर्षानुवर्षे चालवला. १९९०मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शेतकऱ्यांना नुकसानभरपाई द्यावी लागली.

१९९४मध्ये पटानचेरूला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी टँकरने तेथे येई आणि प्रक्रिया होऊन बाहेर पडे. सगळ्यांना वाटले, प्रश्न मिटला. मग २००७ साली योआकिम लार्सन या स्वीडिश शास्त्रज्ञाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ही गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तात औषधाचे जे जास्तीत जास्त प्रमाण असते, त्याहूनही हे अधिक होते. दिवसाच्या पाण्याचा हिशेब केला तर सुमारे ४५ किलो औषध रोज वाहून जात होते. २००९च्या अभ्यासात आसपासच्या तळ्यांत आणि गावांतल्या विहिरींतही औषधे सापडली.

यावर निघालेला एक उपाय मला आजही विचारात पाडतो. पटानचेरूपासून सुमारे १८ किलोमीटरची नळवाहिनी टाकून हे पाणी शहराच्या मैलापाण्यात मिसळायचे, अंबरपेठच्या केंद्रात न्यायचे आणि तेथून मुसी नदीत सोडायचे. म्हणजे एका ओढ्याचे दुखणे जास्त पाण्यात मिसळून दुसऱ्या नदीच्या पदरात घालायचे.

समुद्र एवढा मोठा

महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. पर्यावरणाचा सक्तीचा पेपरही माझ्याकडेच असतो. नक्कावागूची ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, नदी लहान असते म्हणून असं होतं. समुद्रात टाकलं असतं तर? समुद्र एवढा मोठा आहे."

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी नेमका हाच विचार केला होता, आणि तोही साध्या सांडपाण्याबाबत नव्हे, तर विषारी वायूच्या बाँबबाबत.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीत रासायनिक अस्त्रांचे प्रचंड साठे हाती लागले. ती जाळायची सोय नव्हती, ठेवायची भीती होती. मग जहाजे भरभरून ती समुद्रात लोटली. एकट्या बाल्टिक समुद्रात सुमारे ४०,००० टन रासायनिक दारूगोळा टाकला गेला आणि त्यातला बराचसा डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाच्या पूर्वेला आहे. अमेरिकेने तर १९७०पर्यंत जुनी जहाजे अस्त्रांनी भरून, त्यांना भोके पाडून, खोल समुद्रात बुडवली. ऑगस्ट १९७०मध्ये फ्लोरिडाच्या पूर्वेला असेच एक जहाज सरीन या मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या वायूच्या रॉकेटांसह तळाशी गेले. त्यावर लोकांचा संताप उसळला आणि ही पद्धत थांबली.

समुद्राने हे विष पचवले का? काही पचवले, काही नाही. सरीनसारखे वायू पाण्यात विरघळून हळूहळू निकामी होतात. मस्टर्ड वायूचे तसे नाही. नावात वायू असला तरी तो तेलासारखा द्रव आहे आणि पाण्यापेक्षा जड आहे. सुमारे १४ अंश सेल्सियसखाली तो गोठतो, आणि बाल्टिकचा तळ त्याहून थंड असतो. पत्रा गंजून फुटला की आतला गोळा बाहेर पडतो, त्याच्यावर एक कडक पापुद्रा धरतो आणि आत विष तसेच ताजे राहते. लोणच्यावर तेलाचा तवंग असला की आतली फोड वर्षभर टिकते, तशातलाच प्रकार. बॉर्नहोमच्या कोळ्यांच्या जाळ्यात असे गोळे अनेकदा आले आणि हातांना फोड उठले. १९५५ साली पोलंडच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या शिबिराला आलेली मुले वाहून आलेल्या एका पिंपाशी खेळली आणि शंभरावर मुले भाजली. काही अस्त्रांत आर्सेनिक होते. ते तर कशानेच नाहीसे होत नाही, तळाच्या गाळात बसून राहते.

कायद्याचे काय? रासायनिक अस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार १९९७मध्ये अमलात आला. पण १ जानेवारी १९८५पूर्वी समुद्रात टाकलेल्या अस्त्रांची माहिती देण्याचे किंवा ती नष्ट करण्याचे बंधन त्यात नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच. भारताने मात्र आपल्याकडचा सुमारे १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९पर्यंत देखरेखीखाली तो नष्ट केला. टाकणे आणि नष्ट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून पहिली सोपी वाटते.

विष आणि औषध

आता त्या कापडी पिशवीकडे पुन्हा वळतो. वडिलांना रक्ताचा कर्करोग होता. उपचार हैदराबादेत चालले. पिशवीतल्या एका पाकिटावर सायक्लोफॉस्फामाइड असे नाव होते. त्यांच्या आजारपणात मी या औषधाबद्दल वाचत गेलो आणि थक्क झालो.

२ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँबहल्ला केला. बंदरात जॉन हार्वी नावाचे अमेरिकन जहाज होते आणि त्यावर गुप्तपणे आणलेले सुमारे २,००० मस्टर्ड बाँब होते. जहाज फुटले आणि विष पाण्यावरच्या तेलात मिसळले. त्या पाण्यातून पोहत आलेल्या खलाशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे कोणी सांगितलेच नाही. ओले कपडेही न काढता त्यांना पांघरुणात गुंडाळले गेले. सहाशेहून अधिक सैनिक आणि खलाशी रुग्णालयात गेले, त्यांतले ऐंशीहून अधिक दगावले. मेलेल्या नगरवासीयांची तर नीट मोजदादही झाली नाही. तपासाला आलेल्या डॉ. स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांना रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या दिसल्या. त्याआधी १९४२मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मस्टर्डचाच भाऊबंद असलेला नायट्रोजन मस्टर्ड कर्करोगाच्या एका रुग्णाला देऊन पाहिला गेला होता. भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारे हे विष कर्करोगाच्या पेशींनाही मारते, हे ध्यानात आले. त्याच घराण्यातले पुढचे औषध म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड.

म्हणजे ज्या विषाच्या गोळ्यांनी बॉर्नहोमचे कोळी भाजतात, त्याच्या गोत्यातल्या गोळ्यांनी माझ्या वडिलांना दोन वर्षे अधिक दिली. त्या दोन वर्षांत त्यांनी नातीचे बारसे पाहिले. मी औषधाचे आणि कारखान्यांचे ऋण नाकारत नाही. पण जे औषध पेशी मारण्यासाठीच बनले आहे, ते पाण्यात टाकल्यावर निरुपद्रवी कसे होईल?

प्रतिजैविकांचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. पाण्यात औषध असले की कमकुवत जंतू मरतात आणि ते पचवू शकणारे उरतात. मग ते वाढतात आणि आपली ही विद्या शेजारच्या जंतूंनाही देतात. पुढे तसल्या जंतूचा ताप एखाद्या लेकराला आला की डॉक्टर गोळी देतात आणि गोळी चालत नाही. समुद्रातले विष निदान अंगावर फोड उठवून आपण असल्याचे सांगते. हे सांगतही नाही.

नदी फिरून येते

नकाशावर मांजरा पाहावी. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. लातूर, धाराशिवच्या शिवारातून बीदरला जाते, तेथून सिंगूर धरणात, आणि संगारेड्डीजवळून हैदराबादची तहान भागवते. पुढे नक्कावागूचे पाणी पोटात घेऊन मेदक, एडुपायलूची देवी, निजामसागर असे करीत ती उत्तरेला वळते आणि देगलूर-बिलोलीच्या शिवेवरून कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. आपल्याच डोंगरात निघालेली नदी परराज्यांतून फिरून पुन्हा आपल्या दारी येते. सासरी गेलेली लेक माहेरी येते तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहूनच आई समजते, तिकडे तिचे कसे चालले आहे ते. नदीच्या बाबतीत आपण तेवढे निरखून पाहतो का?

कारखान्यांच्या पाण्यात प्रतिजैविके किती असावीत याच्या मर्यादा केंद्र सरकारने जानेवारी २०२०मध्ये मसुद्यात घातल्या होत्या. २०२१मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गळाल्या होत्या. ही मागणी लावून धरणे हे काम एकट्या पटानचेरूच्या लोकांचे नाही. मांजरेच्या काठच्या प्रत्येक गावाचे आहे.

आणि घरचे काम घरीच करायचे आहे. दवाखान्यांसाठी २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. कर्करोगाची उरलेली औषधे १,२०० अंशांहून अधिक तापमानात जाळावीत किंवा त्यासाठी परत पाठवावीत, असे ते सांगतात. घराघरांतल्या गोळ्यांसाठी केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५मध्ये कोझिकोडला गोळा करण्याची योजना सुरू केली. आपल्याकडे गावोगावी तशी सोय होईपर्यंत जुन्या गोळ्या नदीत, विहिरीत, मोरीत टाकू नयेत. औषध दुकानदाराला किंवा दवाखान्याला घेणार का, असे विचारावे. आणि डॉक्टरांनी लिहिल्याहून जास्त गोळ्या घरात आणूच नयेत.

वर्षश्राद्धाच्या आधी बहिणीकडे जाणे झाले तेव्हा आईला बरोबर नेले आणि पिशवीही. वडिलांचे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या औषध खिडकीवर पिशवी ठेवली. तेथल्या मुलाने पाकिटे पाहिली, कर्करोगाच्या गोळ्या वेगळ्या काढून पिवळ्या पिशवीत टाकल्या आणि बाकीचीही ठेवून घेतली. दोन मिनिटांचे काम. आई शेजारी उभी राहून पाहत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू तेव्हा विसरला नव्हतास ना?"

मी काही बोललो नाही. परतीच्या एस.टी.त जोगीपेठच्या अलीकडे मांजरेचा पूल आला. आईने दरवेळेसारखी काच सरकवली, कनवटीचे नाणे काढून पाण्यात टाकले आणि हात जोडले.