तेलंग, काशिनाथ त्रिंबक

तेलंग, काशिनाथ त्रिंबक : (३० ऑगस्ट १८५०–१ सप्टेंबर १८९३). मुंबई उच्च न्यायालयाच्या आरंभीच्या भारतीय न्यायाधीशांपैकी एक, हिंदू विधीचे मर्मज्ञ, प्राच्यविद्यापंडित आणि समाजसुधारक. जन्म मुंबई येथे. चुलते त्रिंबक रामचंद्र तेलंग यांनी त्यांना दत्तक घेतले. एल्फिन्स्टन विद्यालय व महाविद्यालय यांत शिक्षण घेऊन ते एम्.ए. व एल्एल्.बी. झाले. काही काळ अध्यापन केल्यानंतर १८७२ मध्ये उच्च न्यायालयाची ॲडव्होकेट पदाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. न्यायालयाच्या मूळ शाखेत तेव्हा विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. विलायतेस न जाता तेथे वकिली करण्याचा अधिकार तेलंगांनी या परीक्षेमुळे मिळविला आणि संस्कृत धर्मग्रंथांच्या प्रत्यक्ष ज्ञानामुळे हिंदू विधीच्या दाव्यांत अल्पावधीतच नावलौकिक संपादन केला.

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले. त्यासंबंधीच्या १८६१ च्या अधिनियमानुसार किमान एक-तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टरांतून व तितकेच मुलकी सेवेतून घ्यावयाचे होते. या दोन्ही वर्गांत त्यावेळी यूरोपीयांचेच प्राबल्य असल्याने भारतीयांना फार थोड्या जागा मिळू शकत. कलकत्त्यास १८६३ मध्ये शंभुनाथ पंडित हे भारतातील पहिले भारतीय उच्च न्यायाधीश झाले. मुंबईत हा मान नानाभाई हरिदास यांना लाभला. १८८४ मध्ये ते कायम न्यायाधीश झाले. त्यांच्यानंतर १८८९ मध्ये तेलंगांची नियुक्ती झाली. त्यावेळी त्यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

हिंदूंच्या वारसा, दत्तक, वाटणी इ. बाबींत इंग्रजी न्यायालये धर्मशास्त्रानुसार निर्णय देत. महाराष्ट्रात मुख्यतः मिताक्षरा, तर गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. बहुतेक यूरोपीय न्यायाधीशांना हे ग्रंथ भाषांतरांवरून वाचावे लागत; त्यामुळे एखाद्या शब्दाच्या सदोष भाषांतरावरून कुटुंबाच्या मिळकतीचा निकाल लागण्याचा संभव असे. तेलंग मूळ ग्रंथ वाचून त्यांतील वचनांची परस्परसंगती लावीत. स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनापेक्षा वरचढ ठरते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्ये मान्य केले होते. धर्मशास्त्र हे गोठलेले नसून लोकांच्या आचाराबरोबर ते बदलत आले आहे, अशी तेलंगांची भूमिका होती.

अप्पाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी या पूर्ण पीठापुढील दाव्यात त्यांची ही पद्धती विशेष दिसून येते. पिता आपल्या पित्यासह वा भावांसह एकत्र कुटुंबात असताना त्याच्या संमतीवाचून पुत्राला वडिलार्जित मिळकतीची वाटणी मागता येते काय, असा प्रश्न त्यात उपस्थित झाला होता. बहुमताने तो अधिकार नाकारला. तेलंगांनी मात्र मिताक्षरेच्या आधारे भिन्न मत नोंदविले : वडिलार्जित मिळकतीत पुत्राचे स्वामित्व जन्मतःच असते, म्हणून वाटणीचा अधिकारही पित्याच्या इच्छेवर अवलंबून राहू शकत नाही. मुंबई इलाख्यात बहुमताचा निर्णय रूढ झाला. पण अन्य काही उच्च न्यायालयांनी पुत्राचा अधिकार मान्य केला. स्त्रीधनाच्या वारसासंबंधीचा मणिलाल रेवादत्त विरुद्ध बाई रेवा या दाव्यातील त्यांचा निर्णयही अभ्यासकांनी महत्त्वाचा मानला आहे.

विधी आणि सुधारणा यांतील संघर्ष तेलंगांच्या जीवनातही होता. बालपणी झालेला विवाह अमान्य करून पतीकडे नांदावयास जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या वकिलांत ते होते. रखमाबाईंच्या बाजूने १८८५ मध्ये लागलेला निकाल अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये पतीकडे जावे अथवा कारावास भोगावा, असा आदेश त्यांना देण्यात आला. अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन त्यांची सुटका झाली. सामाजिक सुधारणा कमीतकमी विरोधाच्या मार्गाने व्हावी, असे तेलंगांनी १८८६ च्या एका व्याख्यानात प्रतिपादिले होते. विवाहविषयक बाबींत सरकारने कायदा करण्यास प्रारंभी त्यांचा विरोध होता. तथापि संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. पुढे त्यांनी स्वतःच्या मुलीचा विवाह लहान वयातच करून दिला, तेव्हा सुधारकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. रूढी बदलते, असे सांगणाऱ्या या विद्वानाला आपल्या घरातील रूढी मोडता आली नाही. त्यांच्या पिढीतील अनेक सुधारकांची कोंडी त्यांच्या या वर्तनातून प्रत्ययास येते.

न्यायाधीशपद स्वीकारण्यापूर्वी तेलंगांनी सार्वजनिक जीवनात महत्त्वाची कामगिरी केली. हंटर शिक्षण आयोगाचे (१८८२) ते सदस्य होते व त्यांनी स्वतंत्र मतपत्रिका जोडली होती. फिरोजशहा मेहता व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह त्यांनी १८८५ मध्ये बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षी मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात भाग घेतला. मुंबई विधिमंडळाचेही ते सदस्य होते.

रामायण हे होमरवरून रचले, या वेबर यांच्या मताचे त्यांनी १८७३ मध्ये खंडन केले. माक्स म्यूलर यांनी संपादिलेल्या सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट या मालेत भगवद्‌गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले (१८८२). भर्तृहरीची नीती व वैराग्य ही शतके आणि मुद्राराक्षस नाटक यांचे संपादनही त्यांनी केले. लेसिंगच्या नाटकाचे शहाणा नेथन हे त्यांचे मराठी भाषांतर होय. मराठ्यांच्या बखरींवरील त्यांचा निबंध न्यायमूर्ती रानडे यांच्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात समाविष्ट आहे.

तेलंग १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले; पण पुढच्याच वर्षी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. उच्च न्यायालयातील त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे यांची, तर रानड्यांच्या मृत्यूनंतर १९०१ मध्ये नारायण गणेश चंदावरकर यांची नियुक्ती झाली. तेलंगांना न्यायासनावर जेमतेम चार वर्षे मिळाली. तथापि हिंदू विधीचा निर्णय मूळ ग्रंथ आणि चालू लोकाचार या दोहोंच्या साक्षीने व्हावा, हा त्यांचा आग्रह त्यांच्या निर्णयांतून मागे राहिला.