यंत्र थांबवायचे कोणी?

श्रोतेहो, हर्सूलहून चिकलठाण्याला नि वाळूजला पाळीवर जाणारे पुष्कळजण येथे बसले आहेत. कारखान्याच्या फाटकावर ‘आय. एस. ओ. ९००१’ ही पाटी त्यांनी पाहिलेली असेल. माल उत्तम असल्याचा तो दाखला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १९८७ साली प्रथम निघालेले हे मानक मालाचे माप सांगत नाही. काम कोणत्या रीतीने करावे, त्याची नोंद कशी ठेवावी, चूक निघाल्यास तिचे मूळ कसे शोधावे, याची घडी बसवायला ते सांगते.

ही घडी पुष्कळ ठिकाणी बसत नाही. ‘गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी’ असे भिंतीवर रंगवले म्हणजे अपेक्षा कळवली, असे व्यवस्थापकांस वाटते. पण लेथवर उभ्या असलेल्या माणसाला उत्तरे हवी असतात. किती जॉबांनंतर गेज लावायचे? माप मर्यादेच्या टोकाकडे सरकू लागले तर टूल मी बदलावे की सेटरला बोलवावे? आणि मुख्य म्हणजे, पाळीचा आकडा भरायचा आहे आणि माल तर बिघडतो आहे; अशा वेळी मी यंत्र थांबवले तर बुडालेल्या आकड्याचा जाब कोणाला विचारणार? याचे उत्तर लेखी नसेल तर यंत्र थांबत नाही. तपासणीचा तक्ता मात्र सुटीच्या भोंग्याआधी एका बैठकीत, एकाच हाताने भरला जातो. असे तक्ते मी कितीतरी पाहिले आहेत.

जपानात टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो. गटाचा प्रमुख धावून येतो. ठराविक वेळात दोष निघाला नाही तर जुळणीची ओळच थांबते. दोरी कोणीही बांधील हो! ती ओढल्यावर काय होणार, हे तेथे ओढणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील ५.३ हे कलम म्हणते की, जबाबदाऱ्या आणि अधिकार नेमून दिले गेले, कळवले गेले आणि समजले गेले, याची खात्री वरिष्ठांनी करावी. प्रत्यक्षात जबाबदारी मोठ्याने वाचून दाखवतात, अधिकार हा शब्द गिळतात. आणि इंग्रजी पुस्तिकेवर मराठी सही घेतली म्हणजे ‘समजले’ असे धरून चालतात. वास्तविक १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानेच नोकरीच्या अटी नेमक्या शब्दांत लिहून, बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही फाटकाजवळ लावायला मालकांस भाग पाडले होते.

म्हणून व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच युनियनने मागावे की, थांबवण्याचा अधिकार कोणाला, हाक दिल्यावर कोण येणार, बुडालेला आकडा कोणत्या खाती लिहिणार, हे मराठीत लिहून यंत्रापाशी लावा आणि प्रत्येक पाळीला वाचून दाखवा. एवढे पदरात पडल्यावर मात्र न मोजता भरलेल्या तक्त्याची वकिली करायला युनियनच्या दारी कोणी येऊ नये.