फसफसत्या वाइनला कोथिंबीर वडीची सोबत

स्पार्कलिंग वाइनचा पहिला घोट घेतल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. ‘अरे, ही तर आंबट आहे!’ बुडबुडे म्हटले की आपल्याला गोड सोड्याची सवय. पण बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेलं असेल, तर त्या वाइनमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. ती केकसोबत प्यायची नाहीच. तिला हवं खारट आणि तळलेलं, म्हणजे आपल्या घरात रोज बनतं तेच.

जपानी लोकांना हे बरोबर उमगलं आहे. फुजी पर्वताजवळच्या यामानाशी प्रांतात ‘कोशू’ नावाची फिकट गुलाबी सालीची द्राक्षं होतात. तिथल्या कात्सुनुमा गावाने 1877 मध्ये दोन तरुणांना वाइन शिकायला थेट फ्रान्सला पाठवलं होतं. कोशूचे वेल आपल्या नाशिकसारखेच मांडवावर चढवतात आणि पावसापासून जपायला घडांवर कागदी टोप्या घालतात. या द्राक्षांची स्पार्कलिंग वाइन हलकी, कोरडी, लिंबाच्या आणि पांढऱ्या फुलांच्या वासाची असते. भिलाई-दुर्गच्या वाचकांना फुलांचा वास म्हटलं की मोह आठवेल. पण हा वास तसा जड नाही, जेमतेम जाणवणारा आहे. मासे आणि तेंपुरा म्हणजे तिथली भजी, यांच्यासोबत ती छान जमते.

जपानी बाटली शोधत बसायची मात्र गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात शाम चौगुले यांच्या इंडाज कंपनीने 1980 च्या दशकातच फ्रेंच तंत्राने अशी वाइन बनवली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने विकली जायची! 2008 च्या मंदीनंतर ही कंपनी कर्जात बुडाली, पण तोवर नाशिकने वाट धरली होती. आज सुला आहे, दिंडोरीत शाँदों आहे. दोघांच्या ब्रूटमध्ये शेनिन ब्लाँ ही द्राक्षं असतात. आंबटपणा टिकावा म्हणून स्पार्कलिंगसाठी द्राक्षं थोडी आधीच तोडतात.

आता बाटली उघडण्याबद्दल, कारण खरी गडबड इथेच होते. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. सिनेमात बघून बाटली हलवू नका. उडालेलं बूच डोळ्याला कायमची इजा करू शकतं. बाटली फ्रीजमध्ये तीन तास ठेवा किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास. फ्रीझरमध्ये विसरलात, तर ती फुटू शकते. तार सैल करण्याआधीच बुचावर अंगठा ठेवा. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून लांब. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नाही. मोठा आवाज नको. हळूच ‘फुस्स’ झालं की जमलं.

उंच, अरुंद ग्लास दिसायला सुंदर, पण त्यात नाक जात नाही आणि फुलांचा वास हरवतो. साधा व्हाइट वाइनचा ग्लास अर्ध्यापेक्षा कमी भरा.

सोबत कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रवा लावून तळलेली सुरमई किंवा नुसती खारी शेव. बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात, त्यामुळे पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागते. झणझणीत रस्सा टाळा, तिखट आणखी झोंबतं. पुरणपोळी आणि श्रीखंडासमोर तर ही वाइन अगदीच आंबट लागेल. माझी पसंती विचाराल तर कोथिंबीर वडीच, वर लिंबू न पिळता.

मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबतात थंड सोडा घाला; वड्यांसोबत तेही तितकंच छान लागतं. गाडी चालवणाऱ्यालाही तोच ग्लास द्या. बाटलीत वाइन उरली, तर गळ्यात चमचा अडकवून काही होत नाही. स्पार्कलिंगसाठी मिळणारं पकडीचं झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.