स्वीडनच्या ताटात भेटली आमची भाकरी



आमचे आजोबा अंबरनाथच्या विमकोत कामाला होते. विमको म्हणजे 1923 साली स्वीडनच्या काडेपेटी कंपनीने सुरू केलेली कंपनी. तिच्या नावाचा विमको नाका आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यामुळे हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात स्वीडन हा शब्द लहानपणापासून माहीत होता, पण काडेपेटीचा देश एवढाच. पुढे नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघं आणि आमची आठ वर्षांची मुलगी दोन वर्षं तिथल्या गोथेनबर्ग शहरात राहिलो. तिथं रोज काय खाल्लं आणि त्यातून काय उमगलं, ते या आरोग्याच्या पानावर सांगावंसं वाटतं.

जाताना बॅगेत पीठ, मसाला, डाळी भरल्या. सुके बोंबील मात्र मुद्दाम घरी ठेवले. कारण सांगायला नको. इथंच भाड्याचं घर बघायला गेलो की पहिला प्रश्न असायचा, "सुकट-बोंबील करता का?" प्रश्न वासाचा असायचा, पण विचारणाऱ्याला दुसरंच काही जाणून घ्यायचं असायचं. परदेशात तरी ती लाज नको, असं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात कामावर जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईंनी डबा उघडला. आत तपकिरी, कडक, भोकाभोकांच्या चपट्या वड्या होत्या. वर उकडलेलं अंडं आणि काकडी. त्या पावाला तिकडे क्नेकेब्रोड म्हणतात. तो राय नावाच्या धान्याचा करतात. आपली मोहरी-राई नव्हे, गव्हाच्या नात्यातलं थंड प्रदेशातलं हे भरड धान्य आहे. पूर्वी गावागावांत वर्षातून एक-दोनदाच भट्टी लागायची. पाव गोल करून मधोमध भोक पाडायचे आणि छताखाली काठीत ओवून सुकवायचे. महिनोन्‌महिने टिकायचे. आम्ही चावून बघितला आणि दोघांनाही एकच आठवण झाली, शिळी, कडक झालेली ज्वारीची भाकरी.

हा मुळात गरीब शेतकऱ्याचा पाव. 1867 ते 1869 च्या दुष्काळात त्या देशातल्या लोकांनी झाडाची साल दळून पिठात मिसळली. जसा आपल्याकडे 72 च्या दुष्काळात आजीने मिलो खाल्ला. फरक पुढचा आहे. तो देश श्रीमंत झाला, पण त्याने तो पाव टाकला नाही. साहेब आणि सफाई कामगार तोच पाव खातात. आपल्याकडे चार पैसे आले आणि पहिली हकालपट्टी झाली ती भाकरीची. पाहुण्यांसमोर भाकरी नको, पाव आणा, खारी आणा, मैद्याचं बिस्कीट आणा.

मैद्यात धान्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो. त्यासोबत चोथा आणि बरीचशी सत्त्वं जातात. चोथा असलेलं अन्न पोट साफ ठेवतं, भूक जास्त वेळ भागवतं आणि रक्तातली साखर झपाट्याने चढू देत नाही. नाचणी तर कॅल्शियमची खाण. 100 ग्रॅममध्ये ढोबळमानाने 350 मिलिग्रॅम.

सकाळी तिकडे ओटची लापशी नाहीतर फीलम्योल्क असतं. हे आंबवलेलं दूध म्हणजे आपल्या पातळ दह्याचा भाऊ. दर गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप करायची जुनी रीत आहे. त्यात बहुधा डुकराचं मांस असतं आणि मागून पॅनकेक म्हणजे धिरडी येतात. आम्ही त्यावर लसणाची फोडणी घातली आणि घरात बस्तीतल्या वाटाण्याच्या आमटीचा वास दरवळला.

मग मासे. गोथेनबर्गला मासळीबाजाराची 1874 सालची एक इमारत आहे. ती चर्चसारखी दिसते म्हणून लोक तिला माशांचं चर्चच म्हणतात. हेरिंग नावाचा मासा व्हिनेगर, साखर, कांदा घालून बरणीत मुरवतात. तो सणाला हवाच. त्याचाच एक आंबवलेला प्रकार डब्यात येतो. त्याचा वास एवढा उग्र की डबा बहुतेक लोक घराबाहेर, अंगणात उघडतात. त्यावर ते स्वतःच हसतात, पण शरमत नाहीत. त्या दिवशी आम्ही ठरवलं, पुढच्या खेपेला बोंबील आणायचे. आणले, भाजले, आणि शेजाऱ्यांना बोलावून वाढले.

हेरिंगमधली चांगली चरबी हृदयाला उपयोगी असते. तीच आपल्या बांगड्यात आणि तारलीत आहे, तीही स्वस्तात. बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. मात्र खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असतं. रक्तदाब असेल तर ती कमी खावी, दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, वरून मीठ घालू नये. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचाभरही मीठ नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुलीच्या शाळेत दुपारचं गरम जेवण सगळ्या मुलांना फुकट. डॉक्टरची पोर आणि ड्रायव्हरची पोर एकाच रांगेत ताट घेऊन उभी. मुलीनेच घरी एक नियम आणला, "गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी." तिथं ही जुनी पद्धत आहे. तिच्यामागची गोष्ट मात्र कडू आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांना त्यांची संमती न घेता मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घातल्या. त्यांचे दात किडले. दोन जेवणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा गोड खाल्ल्याने दात किडतात, हे त्यातून सिद्ध झालं. ज्यांना आवाज नव्हता त्यांच्या शरीराची किंमत देऊन हे ज्ञान मिळालं. ते वाया जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

परत आलो तेव्हा कळलं, आईला साखरेचा आजार झालाय. सकाळी चहा-खारी, दुपारी पाव, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट. "भाकरी थापायची आता कुणासाठी?" ती म्हणाली. त्या वाक्याने आम्हाला गप्प केलं. आता घरात पुन्हा तवा-काठवट आहे. आईच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच आहेत. भाकरी औषध नाही, आणि तीही मोजूनच खायची.

स्वीडिश लोकांचा एक शब्द आहे, लागोम. म्हणजे बेताचं, पुरेसं. आपल्याला हे नवीन नाही. अति खाऊन धापा टाकणाऱ्या राजा प्रसेनजिताला तथागतांनी मोजून खाण्याचा उपदेश केला आणि राजाने हळूहळू आहार कमी केला, ही गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे.

या आठवड्यापासून एवढं करून बघू:

• दिवसातलं एक जेवण ज्वारी, बाजरी किंवा नाचणीच्या भाकरीचं. सोबत डाळ आणि पालेभाजी.

• चहाची साखर मोजू. वरची साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे, याच्या आत राहिली तर उत्तम. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की तेवढी संपली.

• मुलांना रोज पाच रुपयांचं पाकीट नको. खाऊचा एकच वार ठरवू, आणि रात्री दात घासूनच झोपू.

• पाकिटामागची यादी वाचू. जे सर्वांत जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तिनांत मैदा, साखर, तेल दिसलं तर पाकीट खाली ठेवू.

• पाहुणे आले तर भाकरी आणि सुकटीची चटणी अभिमानाने वाढू.

आमच्या गल्लीत आता शनिवारी संध्याकाळीच मुलं दुकानासमोर गर्दी करतात. बाकीचे दिवस आमची मुलगी त्यांना शेंगदाणे-गूळ वाटते. दुकानदार थोडे नाराज आहेत. त्यांनाही आम्ही भाकरीला बोलावलं आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.