ड्रायवॉलची बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत का गेली?

एखाद्या नव्या ऑफिसमधल्या पार्टिशनवर बोटाने टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला, तर ते बहुधा जिप्सम बोर्ड असते. अमेरिकेत यालाच ‘ड्रायवॉल’ म्हणतात. ते घराघरांत पोहोचवणाऱ्या ‘यूएसजी’ कंपनीने २००१मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण होते भिंतीच्या सांध्यांत.

ड्रायवॉल कशी बनते?

जिप्सम या खनिजाच्या वजनात सुमारे २० टक्के पाणी असते. ते भाजले की बरेचसे पाणी उडते आणि गणेशमूर्तींमुळे आपल्याला माहीत असलेले ‘पीओपी’ तयार होते. त्यात पुन्हा पाणी मिसळून ते दोन जाड कागदांमध्ये पसरतात. काही मिनिटांतच ते घट्ट होते. आग लागली, तर बोर्डातले पाणी वाफ होऊन निघते. ते संपेपर्यंत पलीकडची बाजू फारशी तापत नाही.

कंपनी कशी वाढली?

ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४मध्ये अशा बोर्डाचे पेटंट घेतले. १९०२मध्ये सुमारे ३० कंपन्या एकत्र येऊन ‘युनायटेड स्टेट्स जिप्सम’ उभी राहिली. १९०९मध्ये तिने सॅकेट यांची कंपनी विकत घेतली आणि १९१७मध्ये ‘शीटरॉक’ बाजारात आणले. ओले प्लास्टर वाळण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी वाढली आणि ड्रायवॉलला मोठी मागणी आली.

मग बिनसले कुठे?

दोन बोर्डांमधला सांधा लेपाने भरतात आणि वाळल्यावर घासून सपाट करतात. १९७०च्या दशकापर्यंत अनेक कंपन्यांच्या या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असे. घासताना उडणारी धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत जाई. कर्करोगासारखे आजार अनेक वर्षांनी दिसत. दावे वाढत गेले आणि कंपनीला न्यायालयाचे संरक्षण घ्यावे लागले. पीडितांसाठी सुमारे चार अब्ज डॉलरचा निधी देण्याचे मान्य करून २००६मध्ये ती त्यातून बाहेर पडली. २०१९मध्ये जर्मनीच्या ‘क्नॉफ’ने ती सुमारे सात अब्ज डॉलरना विकत घेतली.

आपण काय लक्षात ठेवावे?

आज अमेरिकेतल्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत नाहीत. पण बारीक धूळ कोणतीही असो, ती फुफ्फुसांना घातकच. घरात फॉल्स सीलिंगचे काम सुरू असेल, तर खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दूर ठेवा आणि घासणाऱ्या कारागिराच्या तोंडावर चांगला मास्क आहे ना, हे पाहा. भिंत आपली असली, तरी धूळ त्याच्या छातीत जाते.