केसर कलमाची प्लास्टिक पट्टी काढली का?



गेल्या पावसाळ्यात केसर आंब्याची कलमं लावली असतील तर बागेत जाऊन एकदा खाली वाकून बघा. जोडावरची रोपवाटिकेची प्लास्टिक पट्टी अजून तशीच आहे का? पट्टीच्या वर खोड फुगलंय आणि पट्टीपाशी बारीक राहिलंय, असं असेल तर वर पानं हिरवीगार असली तरी त्या झाडाची मुळं उपाशी आहेत.

कारण असं. खोडाच्या आतल्या लाकडात *जलवाहिन्या* असतात. मुळांनी घेतलेलं पाणी आणि त्यात विरघळलेलं खत त्यातून वर जातं. सालीत *रसवाहिन्या* असतात. पानांनी तयार केलेलं अन्न त्यातून खाली मुळांकडे येतं. या दोन्हींच्या मधे एक अगदी पातळ, ओला थर असतो. ताजी साल सोलली की बोटाला बुळबुळीत लागतं ना, तिथलाच तो. पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला *विभाजी ऊती* म्हणतात. हा थर आतल्या बाजूला नवीन लाकूड करतो, बाहेरच्या बाजूला नवीन साल. खुंटाचा आणि काडीचा हाच थर एकमेकांना भिडतो, म्हणून कलम जुळतं. (केळी-उसात हा थर नसतो, म्हणून त्यांचं असं कलम बांधता येत नाही.)

या थरामुळे खोड जाड होत जातं, पट्टी मात्र तेवढी सैल होत नाही. आधी साल दबते. खाली येणारं अन्न पट्टीच्या वर अडतं, तोच फुगवटा. लाकडातून पाणी चालूच असतं, त्यामुळे पानं बरेच दिवस टवटवीत दिसतात आणि आपण फसतो. वाढ थांबली म्हणून खत वाढवतो, ड्रिप जास्त वेळ सोडतो. उपयोग काही नाही. मग वळवाच्या वाऱ्यात झाड नेमकं त्या जागी मोडतं.

द्राक्षवाले मणी फुगवायला सालीची बारीक रिंग काढतात, तत्त्व हेच. पण ती जखम काही आठवड्यांत भरून येते. इथं पट्टी रुतलेलीच राहते.

✅ जोड घट्ट झाला असेल तर धारदार ब्लेडने पट्टीला *उभा* काप द्या. ओढून काढू नका, साल निघते.
✅ साल कापली गेली तर तिथं बोर्डो पेस्ट लावा.
✅ जोडाच्या खालून आलेले फुटवे काढा, ते गावठी खुंटाचे असतात.
✅ काठीला बांधताना सुतळीचा सैल आठचा आकडा करा. तारेने बांधू नका.

पट्टी सालीत गाडली गेली असेल तर ती उकरू नका. आधी जोडाचा जवळून फोटो ग्रुपवर टाका.