कुत्र्याला फिरवायचे कोठे?

पुण्यात नवे घर घेणारा माणूस पाण्याची चौकशी करतो, शाळेची करतो, बसथांब्याची करतो. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला आणखी एक चौकशी करावी लागते, आणि तिचे उत्तर घर विकणाऱ्याजवळ नसते, महापालिकेजवळही नसते. सकाळ-संध्याकाळ या जनावराला घेऊन अर्धा तास चालायचे कोठे? वरवर पाहता हा प्रश्न हौशी माणसाचा आहे. ज्यांना कुत्र्यांची आवड नाही त्यांना तर तो सुखवस्तू घरातला चोचला वाटेल. परंतु शहरात मोकळी जमीन किती उरली आहे, याची इतकी खडतर कसोटी दुसरी क्वचितच सापडेल. पाऊस असला तर मूल घरात खेळते, वृद्ध गृहस्थ सज्जात आरामखुर्ची टाकून बसतात. कुत्र्याला मात्र आषाढातही दोन वेळा बाहेर न्यावेच लागते. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आपल्या वस्तीचे रस्ते पायी तुडवणारा हा माणूस कोणता पदपथ कोठे संपतो, कोणत्या गटाराचे झाकण गेले आहे, कोणत्या कोपऱ्यावर दिवा नाही, हे सारे जाणून असतो. विकास आराखड्यात हिरव्या रंगाने दाखविलेल्या तुकड्यांपैकी प्रत्यक्षात किती जागेवर पाय ठेवता येतो, हे त्याच्याइतके नगररचनाकारालाही ठाऊक नसेल.

वस्तुतः कुत्र्याला ‘फिरवणे’ हा प्रकारच आपल्याकडे नवा. खंडोबाच्या आणि दत्ताच्या चित्रांतून कुत्री दिसतात, स्वर्गाच्या वाटेवर धर्मराजाची सोबत करतो तोही कुत्राच. पण यांपैकी एकाच्याही गळ्यातील साखळी कोणी हातात धरल्याचे आठवत नाही. गावातला कुत्रा धन्याबरोबर शेतावर जाई, वाड्यातला ओसरीवर झोपे आणि मनाला येईल तेव्हा गल्लीत चक्कर मारून येई. साखळी आली ती सदनिकेबरोबर. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जनावराला मातीचा वास मिळायचा तर माणसाने तो मिळवून द्यायला हवा. वासाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आपण डोळ्यांनी रस्ता पाहतो, तर कुत्रा तो नाकाने वाचतो, आणि गुळगुळीत काँक्रीटवर त्याला वाचण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत डांबर असे तापते की पंजांची कातडी पोळते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून त्याला अंग निववावे लागते. म्हणजे उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा काळ तेवढा त्याच्या वाट्याला उरतो. दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी पोसलेला कारवानी कुत्राही आता सदनिकांतून दिसू लागला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार थांबली हे योग्यच झाले; पण कायद्याने त्याच्या पायांतील धाव काही काढून घेतलेली नाही.

सर्वांत आधी सुचतात ती उद्याने. परंतु बहुतेक उद्यानांच्या फाटकावर पाळीव प्राण्यांना मनाई असल्याची पाटी असते, आणि ती अगदीच अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. ज्या हिरवळीवर मुले लोळतात तेथे कुत्र्याची विष्ठा पडली तर तिच्यातून जंतांचा प्रादुर्भाव होतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. आक्षेप आहे तो सरसकट मनाईला. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशी मनाई अदूरदर्शीपणाची ठरविली आणि उद्यानांत वेळा ठरवून द्याव्यात असे सुचविले. पहाटेचा एक तास, तोही उद्यानाच्या एका कडेला, इतकी साधी ही व्यवस्था आहे. पण ती करायची तर कोणीतरी लक्ष घालावे लागते आणि पाटी रंगवून घेणे त्याहून सोपे असते. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर भागात खास कुत्र्यांसाठी उद्यान उघडले, त्याचे कौतुकही झाले. तरी एवढ्या विस्तीर्ण शहरात अशा एका उद्यानाचा उपयोग जवळपासच्या रहिवाशांना आणि मोटारवाल्यांनाच. रोजच्या फिरण्याची जागा घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर नसली, तर ती असून नसल्यासारखी.

राहिला रस्ता. रस्त्यावर अगोदरच दुसऱ्यांचे राज्य असते. कचऱ्याचा ढीग, खाटकाचे दुकान, रात्रीची खाऊगल्ली यांच्या आधाराने मोकाट कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि साखळीतल्या परक्या कुत्र्याला त्या ओलांडताना टोळीला तोंड द्यावे लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत आधी एक कडक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो सौम्य केला, तेव्हा देशभर दोन तट पडले. या वादात निर्बीजीकरण आणि लसीकरण यांची चर्चा पुष्कळ झाली. कचरा वेळेवर उचलला गेला तर टोळ्यांची हद्द आपोआप आकसते, ही गोष्ट त्या मानाने कमीच बोलली गेली. येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. पहाटे पाचला एकटी स्त्री निर्जन रस्त्याने चालू लागली तर चार डोळे तिच्यावर रोखले जातात. तिच्या हाती साखळी असली की तिला कोणी काही विचारत नाही. अनेक घरांतल्या गृहिणींना आणि मुलींना पहाटेचे शहर प्रथम पाहायला मिळाले ते कुत्र्यामुळे.

उद्यान बंद आणि रस्ता अवघड, म्हणून साहजिकच पावले टेकडीकडे वळतात. पुण्याचे हे भाग्यच की पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी अशी उंचवट्यांची माळ शहराच्या अंगाखांद्यावर आहे. त्यांत वेताळ टेकडी सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर पोचताच गवताचा वास येतो, पावसाळ्यानंतर जुन्या दगडखाणीत पाणी साठलेले दिसते आणि साखळीतल्या जनावराची चालच बदलते. या टेकडीला छेदून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. टेकडीवर रोज पाय ठेवणाऱ्यांनाच तिच्या जाण्याचे दुःख आधी कळते, आणि त्यांत कुत्री फिरवणारे पुष्कळ असतात.

मात्र याच मंडळींना चार शब्द सुनावणेही प्राप्त आहे. वर पोचल्याबरोबर साखळी सोडून देण्याची रीत पडून गेली आहे. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य टेकडीवर जितक्या वेळा ऐकू येते तितके दुसरे कोणतेही वाक्य येत नसेल. तो माणसाला काही करत नसेलही. पण टिटवी, चंडोल, तितर हे पक्षी उघड्या जमिनीवर किंवा गवतात अंडी घालतात, आणि मोराची मादीही झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच उबवते. सुटलेला कुत्रा त्या बाजूने नुसता धावून गेला तरी घरटे उठते. माळरान म्हणजे ओसाड जमीन, ही आपली जुनी समजूत आहे. त्याच समजुतीने वनखात्याने या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड केली, आणि त्याच समजुतीने आपण तेथे कुत्री सोडतो. विणीच्या दिवसांत गवताळ भाग कुत्र्यांना पूर्णपणे बंद असावा आणि एरवीही साखळी सुटू नये, असा नियम झाला तर त्याला कुत्रे पाळणाऱ्यांनीच प्रथम पाठिंबा दिला पाहिजे. शिवाय पावसाळ्यानंतर त्या गवतातून गोचिडी अंगावर घेऊन येणारा कुत्रा तापाने आजारी पडतो, तेव्हा मनाईत त्याचेही हित आहेच.

विष्ठेविषयी न बोललेले बरे, पण बोलल्यावाचून गत्यंतर नाही. स्वतःचे आवार स्वच्छ राहावे म्हणून कुत्र्याला शेजारच्या फाटकाशी नेऊन उभे करणारा सुशिक्षित गृहस्थ हे दृश्य आपल्या प्रत्येक वसाहतीत रोज पाहायला मिळते. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आणि एक पिशवी बरोबर बाळगण्याला काही खर्च येत नाही. ही एवढी तसदी घेतली गेली असती तर उद्यानांवरच्या निम्म्या पाट्या लागल्याच नसत्या.

तरीही सारा दोष मालकांवर टाकून मोकळे होता येत नाही. प्रत्येक प्रभागाने जे द्यायला हवे होते ते दिले नाही, म्हणून त्याचा भार टेकडीवर पडला आहे. पूर्वी प्रत्येक गावाला गायरान असे. १९९७ पासून आणि पुढे २०१७ व २०२१ मध्ये जी गावे पुण्याच्या हद्दीत आली त्यांनाही ते होते. गायरानावर गुरे चरत, पोरे खेळत, मेंढपाळ आपल्या कुत्र्यांसह उतरत. गावाच्या अशा सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. गाव शहरात विलीन झाले की त्या जमिनीला ‘सुविधा भूखंड’ असे नवे नाव मिळते आणि सुविधेच्या यादीत नुसते चालणे बसत नाही. इमारत बसते, वाहनतळ बसतो, कारंजेही बसते.

म्हणून मुठेच्या उजव्या कालव्याकडे आताच लक्ष द्यायला हवे. खडकवासल्याहून निघालेला हा कालवा पर्वतीच्या पायथ्याने शहरात शिरतो आणि हडपसरकडे जातो. त्याच्या काठची पायवाट काही ठिकाणी आजही झाडांच्या सावलीतून जाते, तर काही ठिकाणी कचऱ्याने आणि बांधकामांनी गिळली आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरले होते. आता खडकवासला ते फुरसुंगी पाणी भुयारातून नेण्याची योजना आहे. ती पुरी झाली म्हणजे शहराच्या मधोमध मैलोन्‌मैल लांबीची सरकारी जमिनीची एक पट्टी मोकळी होईल. तिच्यावर रस्ता करावा, जमीन विकून भुयाराचा खर्च काढावा, अशा सूचना येण्यास वेळ लागणार नाही. सपाट, सावलीची आणि अनेक पेठा-वसाहतींना दहा मिनिटांत गाठता येईल अशी चालण्याची जागा या शहराला दुसरी मिळणार नाही. मधे माणसांची वाट, एका कडेला साखळीतल्या कुत्र्यांसाठी मातीचा पट्टा, ठराविक अंतरावर पाण्याचा नळ आणि कचऱ्याचे टोपले, एवढीच मागणी आहे. ती मांडण्याची वेळ भुयाराचे काम सुरू असतानाची आहे. कालवा कोरडा पडेल तेव्हा त्या जमिनीचे नकाशे कोणाच्या तरी कचेरीत तयार असतील.